कशाने गेले ते

मेलेली माणसं जेरुशाच्या स्वप्नात यायची ती भर दुपारी. रात्री तिला स्वप्नं पडायची नाहीत. पहाटे चारला उठून शाळेची बस काढणारी बाई रात्री झोपते कुठे, ती आडवी होते आणि विझते. सकाळची फेरी आटोपली की ती बस खाडीकाठच्या जुन्या ओकच्या झाडाखाली लावायची, सगळ्या खिडक्या खाली ओढायची आणि तिसऱ्या बाकावर पाय लांब करून डुलकी काढायची. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही हे साऱ्या बेटाला ठाऊक होतं. मेलेल्यांना मात्र कोण सांगणार.

त्या दिवशी आई आली. ओहोटी लागली होती, स्वप्नातही आणि बाहेरही. चिखलातून खेकड्यांची बारीक चुरचुर येत होती, आणि तीस वर्षांपूर्वी गेलेली लिओला रविवारचा पांढरा झगा घालून घोटाभर चिखलात उभी होती. झग्याला चिखलाचा एक थेंब लागलेला नव्हता.  तिने फक्त उजवा हात पुढे केला, तळवा वर, बोटं जराशी वळलेली. जेरुशाने आपल्या ओंजळीत पाहिलं तर तिथे काहीतरी ऊबदार, काळपट, ओल्या दगडासारखं होतं. ते तिने आईच्या हातावर ठेवलं. आईने ते घेतलं नाही की टाकलं नाही. हात तसाच पुढे राहिला.

मग फोन वाजला आणि चिखल, झगा, आई, सगळं बसच्या छतात विरून गेलं.

फोन पुलापलीकडच्या हॉस्पिटलातून होता. डॉक्टर उलोमा स्वतः बोलत होत्या. एरवी नर्स बोलायची, म्हणजे काहीतरी होतं. शेवटचा रिपोर्ट आलाय, गुरुवारी या, आणि एकट्या आलात तर बरं, एवढंच त्यांनी सांगितलं. जेरुशाने बरं म्हटलं, फोन खिशात टाकला आणि पुष्कळ वेळ आपला रिकामा तळवा बघत बसली.

तिला स्वप्नाचा अर्थ विचारायला कुणाकडे जायची गरज वाटली नाही. आई म्हणत होती, दे. तिचा धाकटा भाऊ इझेल चौदा महिने डायलिसिसच्या मशीनवर होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार पुलापलीकडे जायचं, चार तास हातात सुया टोचून पडायचं आणि पिळलेल्या फडक्यासारखं परत यायचं. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, हाताने जहाज ओढेल असा गडी, त्याला आता दिवसभरात मोजून चार छोटे कप पाणी. निळा प्लास्टिकचा कप होता त्याचा, औषधाच्या झाकणाहून जरा मोठा. खाडीच्या काठी जन्मलेल्या माणसाने असं थेंबथेंब प्यायचं. इझेल त्यावरही विनोद करायचा. म्हणायचा, देवाने चहूकडे पाणी ठेवलं आणि मला कप दिला.

आई गेली तेव्हा जेरुशा चोवीस वर्षांची होती आणि इझेल अकराचा. याला तुझ्या ओटीत घातलंय असं आई म्हणाली होती आणि जेरुशाने हो म्हटलं होतं. त्या 'हो'वर तिचं अर्धं आयुष्य गेलं, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. आता द्यायला तिच्याकडे किडनी होती. रक्त जुळलं होतं, हृदय ठणठणीत, साखर नाही, प्रेशर किरकोळ. चोपन्न वर्षांची जेरुशा सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात पास होत आली होती, आणि शाळेत असताना हे कधी झालं नव्हतं.

गुरुवारी इझेलला खालच्या मजल्यावर मशीनला जोडून ती वर गेली. डॉक्टर उलोमा पस्तिशीच्या, नायजेरियातून लहानपणी आलेल्या, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायची सवय. त्यांनी दार लावून घेतलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या. प्रत्येकाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा वारशाच्या दोन प्रती मिळतात. त्यातली किडनीशी संबंध असलेली एक गोष्ट त्यांनी तपासायला पाठवली होती. जेरुशाच्या दोन्ही प्रतींत एक बदल निघाला होता. असे दोन बदल असलेल्या शंभरांपैकी पंधरा-वीस जणांच्या किडन्या पुढे कधीतरी निकामी होतात. बाकीच्यांना आयुष्यभर काही होत नाही.

जेरुशाने विचारलं की हे आधीच्या तपासण्यांत का नाही कळलं. डॉक्टर जरा ओशाळल्या. किडनी देणाऱ्याला पुढे किती धोका हे सांगणारं एक गणित असतं, संगणकात आकडे घातले की उत्तर येतं, आणि त्या गणितात जेरुशा अगदी उत्तम बसली होती. पण ते गणित ज्यांच्यावरून बसवलं ते बहुतेक सगळे गोरे लोक. त्यांच्यात हा बदल जवळजवळ नसतोच. मग गणिताला तो माहीतच नाही.

"दुसऱ्याच्या मापाने शिवलेला कोट आहे तो," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला बरोबर बसला असं दिसतं. पण बटण लावून बघायला हवं."

मग त्यांनी माशीची गोष्ट सांगितली, आणि ती जेरुशाला कितीतरी दिवस पुरली. पश्चिम आफ्रिकेत एक माशी असते. ती चावली की माणसाला झोपेचा आजार होतो. माणूस झोपत झोपत मरतो. हजारो वर्षांपूर्वी कुणाच्या तरी रक्तात हा बदल झाला आणि त्याच्यावर त्या आजाराचं काही चालेना. तो जगला, त्याची मुलं जगली. त्यांच्या मुलांच्या मुलांना गुलाम करून, जहाजांत कोंबून इकडे अमेरिकेत आणलं. माशी तिकडेच राहिली, बदल रक्तातून इकडे आला. इथे त्याला झुंजायला माशी नाही, मग तो किडनीच्या मागे लागतो. एकटा नाही लागत. प्रेशर, एखादा ताप, आणखी काहीतरी त्याला धक्का देतं, आणि ते आणखी काहीतरी काय हे अजून कुणालाच नीट माहीत नाही.

"माझ्यातही एक प्रत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्या आजोळी तर घरटी आहे."

जेरुशाला एकदम झोप आल्यासारखं झालं. तिला दिसलं, तिची कुणीतरी पणजीची पणजी एका नदीकाठी बसली आहे, भोवती सगळे झोपलेत, कायमचे, आणि ती एकटी जागी आहे. तिच्या जागेपणामुळेच आज ही खुर्चीत बसली होती. अशा बाईला दोष तरी कसा द्यायचा.

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न साधा होता. तुमच्या घराण्यात इझेल सोडून आणखी कुणाला किडनीचा आजार होता का? कारण सगळं त्यावर होतं. बाकी घराणं स्वच्छ असेल तर चोपन्नाव्या वर्षापर्यंत धडधाकट राहिलेल्या बाईचा धोका कमी धरता येईल. मग हॉस्पिटलच्या समितीपुढे त्या जेरुशाची बाजू मांडू शकतील. घराण्यात आणखी कुणाला आजार असेल तर नाही. मग तिची किडनी कुणी काढणार नाही.

"कुणाला नव्हता," जेरुशा म्हणाली. "वडील समुद्रात गेले. आई प्रेशरने. बाकीचे थकून."

ती खोटं बोलत नव्हती. बेटावरची माणसं अशीच मरायची, प्रेशरने नाहीतर थकून. आजाराचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो आपल्याला बोलावलंय असं समजून घरात शिरतो, हे प्रत्येक पोराला दात येण्याआधी कळायचं.  पंधरा दिवसांनी पुन्हा या, डॉक्टर म्हणाल्या, तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कोण कशाने गेलं ते.

विचारायला वडीलधारं एकच माणूस उरलं होतं, सफ्रोनिया मावशी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. आणि तिला विचारणं म्हणजे बंद विहिरीत बादली सोडणं. म्हणून शनिवारी इझेलला मशीनवर पोचवून आल्यावर जेरुशा आधी कबरस्तानात गेली.

त्यांचं कबरस्तान पाण्याला लागून, झाडांत. ओकवरून करड्या शेवाळाच्या जटा लोंबतात, ऊन त्यांतून गाळून खाली येतं आणि दुपारीही तिथे पहाट झाल्यासारखी वाटते. गेलेल्या माणसाने शेवटी जे वापरलं ते त्याच्या कबरीवर ठेवायचं, हा रिवाज. नाहीतर तो ते मागायला घरी येतो. ठेवलेल्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही, वाऱ्याने पडली तरी नाही. कुणाच्या डोक्याशी चष्मा, कुणाच्या घड्याळ, कुणाच्या भाताचा झारा. जेरुशा लहानपणापासून या वस्तूंमध्ये खेळली होती. त्यांच्याकडे तिने कधी पाहिलं नव्हतं, घरातल्या भिंतीकडे आपण जेवढं पाहतो तेवढंच.

आज ती आईच्या कबरीपाशी थांबली. मधोमध पांढरा एनॅमलचा कप, टवके उडालेला. तो तिनेच ठेवला होता तीस वर्षांपूर्वी. छोटा, अगदी एवढासा. शेवटच्या वर्षात आई त्यातूनच पाणी प्यायची, दिवसात मोजून तीन-चारदा, आणि पोरांनी विचारलं तर म्हणायची, प्रेशरला बरं असतं.

जेरुशाने मान वर केली. आणि मग जसं झाडात एक पक्षी दिसला की सगळे दिसायला लागतात, तसे तिला कप दिसायला लागले. आजोबा जुलायच्या कबरीवर पत्र्याचा, गंजून पानासारखा झालेला. केटोमामाच्या कबरीवर काचेचा, औषध मोजायचा, कडेला रेघा असलेला. इसाडोरामावशीच्या कबरीवर बाहुलीच्या भांड्यांतली वाटते अशी चिनीमातीची कपुली आणि शेजारी पाय बुडवायचं घमेलं, कारण तिचे पाय सुजायचे. ती चालत राहिली. मोठे पेले होते, थर्मास होते, चहाचे मग होते, ते वेगळ्या आजारांनी गेलेल्यांचे, किंवा म्हातारपणाने. पण छोटे कप नऊ होते. नऊही आईच्या बाजूचे. सगळ्यात लहान कप ओबेडच्या कबरीवर, मावशीच्या एकुलत्या एका मुलाच्या. ओबेड एकोणिसाव्या वर्षी गेला, पन्नास वर्षांपूर्वी.

ती नऊ माणसं तहानलेली मेली होती. जेरुशा गवतात बसली आणि रडली, मोठ्याने, कारण तिथे ऐकणारं कुणी नव्हतं आणि होते त्यांना ते चालणार होतं. पाणी चढायला लागलं. कबरींच्या पायथ्याशी भरतीची पहिली चमक आली आणि तिला वाटलं की सगळे उठून काठावर बसलेत, पाय पाण्यात सोडून, आणि आता त्यांना हवं तेवढं पिता येतंय. ती तशीच बसून राहिली, बघत. कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

उठताना तिने ठरवून टाकलं होतं. नऊ कप तिने पाहिले, बस. डॉक्टरला हे कबरस्तान दिसत नाही. सरकारी कागदांवर या सगळ्यांपुढे हृदय बंद पडले असं लिहिलंय, आणि हृदय तर शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. ती तोंडाला कुलूप लावणार होती आणि किडनी देणार होती. शंभरात वीस तर वीस. ऐंशी जण सुटतातच की.

पण सफ्रोनिया मावशीचं घर कबरस्तानाच्या वाटेवर होतं, आणि निळ्या चौकटीच्या दारात बसून मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घ्यायची. समोर भेंड्यांची टोपली होती, हातात सुरी.

"काय मोजत होतीस गं?" मावशीने विचारलं. "इथून दिसलं मला. बोट नाचवत फिरत होतीस, शाळेची पोरं मोजल्यासारखी."

जेरुशा पायरीवर बसली. काही सांगायचं नाही असं ठरवून बसली आणि सगळं सांगितलं, दोन प्रती, माशी, पंधरा दिवस. मावशी भेंड्या चिरत राहिली. जेरुशाने मग स्वप्नही सांगितलं, म्हणजे मावशीचं तोंड बंद होईल. आईनेच मागितलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार.

मावशीची सुरी थांबली. "जेवलीस का?"

"का?"

"उपाशीपोटी स्वप्न सांगितलं तर खरं होतं. म्हणून विचारते."

जेरुशा जेवली नव्हती. मावशीने आत जाऊन लाल भात आणला, तिच्या मांडीवर ठेवला आणि ती चार घास खाईपर्यंत गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "हात कसा धरला होता लिओलाने? दाखव."

जेरुशाने दाखवला. तळवा वर, बोटं वळलेली.

"असा हात ती तुला काही मागायला धरायची नाही," मावशी म्हणाली. "तू लहानपणी माती खायचीस. दिसेल ते तोंडात. ती हनुवटीखाली असा हात धरायची. दे नव्हे गं बाई. थुंक."

जेरुशाचं डोकं फिरलं. घास तसाच ठेवून ती उठली. इतक्या वर्षांत ती मावशीला उलटून बोलली नव्हती, ते सगळं तिने एका वाक्यात भरून काढलं.

"मग तू काय थुंकलंस गं पन्नास वर्षांत? ओबेड कशाने गेला?"

मावशीने टोपली ओढली आणि पुन्हा भेंड्या चिरायला घेतल्या. मान वर न करता म्हणाली, "थकला होता."

"तर मग माझे पण सगळे थकूनच गेले. हॉस्पिटलात जाऊन तू काही बोलायचं नाहीस."

"पन्नास वर्षं नाही बोलले," मावशी म्हणाली. "आता कशाला बोलेन."

पुढचे दहा-बारा दिवस जेरुशा तरंगत होती. बस चालवताना तिला आरशात पोरांच्या जागी बाकांवर मोठी माणसं बसलेली दिसायची, जुन्या टोप्या घातलेली, आणि ती सावकाश वळण घ्यायची, त्यांच्या हातातलं काही सांडू नये म्हणून. इझेलला तिने एवढंच सांगितलं होतं की एक कागद राहिलाय. तो म्हणाला, तुझी किडनी माझ्यात बसवली तर मीपण पहाटे चारला उठायला लागेन का, तसं असेल तर नको. सावाना शहरातून तिच्या मुलीचा, कॅन्डिसचा फोन यायचा, तान्ह्या बाळाचे आवाज ऐकवायला. जेरुशा ऐकायची आणि तिला काही सांगायची नाही. मनात मात्र एक हिशेब वळवळायचा. आपल्या दोन्ही प्रती तशा, म्हणजे पोरीत एक तरी गेलीच. तो विचार ती उशीखाली सारायची.

ठरल्या गुरुवारी सकाळी सफ्रोनिया मावशी जांभळी चर्चची टोपी घालून गाडीजवळ उभी होती. मीही येते म्हणाली. जेरुशाने कारण विचारलं. मावशी म्हणाली, अठ्ठ्याऐंशी वर्षांत ते हॉस्पिटल आतून पाहिलं नाही, मेल्यावर दाखवणार आहेस का. इझेल हसला आणि मागे सरकून बसला. जेरुशाने मावशीच्या डोळ्यांत पाहिलं. मावशीने ओठांवर बोट ठेवलं. मग जेरुशाने गाडी काढली.

डॉक्टर उलोमांनी मावशीला उठून खुर्ची दिली. यांच्यासमोर बोललं तर चालेल ना, असं जेरुशाला विचारलं. ती हो म्हणाली. इझेल खाली मशीनवर होता. टेबलावर एक मोठा कागद होता, त्यावर डॉक्टरांनी पेन्सिलीने घराण्याचं झाड काढायला घेतलं होतं, बहुतेक चौकोन रिकामे. त्यांनी पेन्सिल उचलली आणि तोच साधा प्रश्न पुन्हा विचारला.

"कुणाला नव्हता," जेरुशा म्हणाली. या वेळी ते खोटं होतं, आणि ते बोलताना तिला काहीच वाटलं नाही, नुसतं आपण पाण्याखालून बोलतोय असं वाटलं.

डॉक्टर लिहिणार एवढ्यात मावशीने टोपी काढली. पिन काढून, केस नीट करून टोपी मांडीवर ठेवली, प्रार्थनेला बसताना पुरुष काढतात तशी.

"पोरी, लिही," ती डॉक्टरला म्हणाली. "माझा बाप, जुलाय. किडनीने गेला. एकसष्टाव्या वर्षी."

जेरुशाने तिचा हात धरला. मावशीने तो सोडवला नाही, पण थांबलीही नाही. केटो, माझा भाऊ, बावन्न, किडनी. इसाडोरा, माझी बहीण, पाय एवढे सुजायचे की बूट कापावे लागले, सत्तावन्न, किडनी. एकेक नाव तिने घेतलं, वय सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तो शब्द पुन्हा उच्चारला. गेलेल्या माणसाच्या नावाशेजारी तो शब्द त्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी उच्चारत होतं आणि तिला तो नीट जमत नव्हता, जीभ अडखळत होती. लिओला, हिची आई, चोपन्न. डॉक्टरांची पेन्सिल चौकोन भरत होती. जेरुशाच्या मनात आलं, चोपन्न, म्हणजे माझंच वय. हे तिला ठाऊक होतं आणि आजवर तिने ते कधी मनात येऊ दिलं नव्हतं.

आठ झाले. मावशी थांबली. खिडकीबाहेर बघत राहिली. डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली, घाई केली नाही.

"ओबेड," मावशी म्हणाली. "माझा मुलगा. एकोणीस वर्षं, चार महिने."

तो शब्द या वेळी तिला उच्चारता आला नाही. डॉक्टरांनी तो न विचारता लिहिला.

मग जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी जेरुशाला शांतपणे, हात हातात घेऊन सांगितलं की आता तिची किडनी काढता येणार नाही. एका घरात नऊ, म्हणजे धक्का देणारं ते आणखी काहीतरी याच घरात वस्तीला आहे. तिने दिलेली किडनी इझेललाही लवकर दगा देऊ शकते, आणि उरलेली एक तिला पुरेल असं कुणी सांगू शकत नाही. जेरुशा म्हणाली की तिला चालेल. डॉक्टर म्हणाल्या, मला नाही चालणार. आईच्या बाजूला आजार हे आता कळलंय, तर बापाच्या बाजूची चुलत भावंडं शोधू, ज्यांच्यात हा बदल नसेल अशी. कॅन्डिसलाही बोलवा, तिचं प्रेशर आत्तापासून सांभाळू. खूप करता येतं, वेळेत कळलं तर. जेरुशाला ते ऐकू आलं, पण लांबून, पाण्यापलीकडून कुणी हाका मारतंय तसं.

 परतीच्या वाटेवर मशीनवरून उतरलेला इझेल मागे डोळे मिटून बसला होता. पूल लागला तेव्हा जेरुशानेच त्याला सांगितलं, आरशात न बघता, दोन वाक्यांत. माझी चालत नाही. मावशीने सांगितलं त्यांना सगळं.

पूल संपला तेव्हा त्याने डोळे उघडले. मग म्हणाला, "ताई, चौदा महिने मला एकच दिसतंय. तुला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलंय आणि मी शेजारी बसून पाणी पितोय. घटाघटा. झोपच लागत नाही गं." आणि मग, "आज लागेल."

जेरुशाला ते सहन झालं नाही. तिने गाडी दलदलीच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं. दोन्ही बाजूंना उंच गवत, आणि गवतावरून वारा सावकाश चालला होता, कुणीतरी त्यातून चालत गेल्यासारखा. तिने मावशीकडे तोंड वळवलं.

"तू शब्द मोडलास. आता भावंडं शोधेपर्यंत हा गेला तर? काय करशील तू?"

"नाव घेईन त्याचं," मावशी म्हणाली. "आणि कशाने गेला ते सांगेन. चर्चमध्ये उभी राहून सांगेन. लहान पोरांनाही सांगेन."

"मावशी," इझेल मागून म्हणाला, "मी इथेच बसलोय. ऐकू येतं मला."

"ठाऊक आहे. तू ऐकावंस म्हणूनच मोठ्याने बोलते." मावशी मागे वळली नाही. मांडीवरची टोपी तिने दोन्ही हातांनी धरली होती. "ओबेड रोज विचारायचा मला. आई, मला काय झालंय? पाणी का देत नाहीस? मला माहीत होतं रे. डॉक्टरने सांगितलं होतं मला, तेव्हा पूल नव्हता, होडीतून परत येताना मी ठरवलं की नाव घ्यायचं नाही. मी म्हणायचे, थकलायस तू, झोप. शेवटच्या दिवशी पण विचारलं त्याने. मी म्हटलं, झोप."

गाडीत वाऱ्याचा आवाज येत होता. इझेल मागच्या सीटवरून पुढे झुकला आणि त्याने आपला सुया टोचून गाठाळलेला हात म्हातारीच्या खांद्यावर ठेवला.

"मला काय झालंय, मावशी?" त्याने विचारलं.

मावशीने डोळे मिटले, आणि त्याला सगळं सांगितलं.